तंजावरला निघण्याआधी काय वाचावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. १८ ते २९ डिसेंबर, तिरुचिरापल्ली, तंजावर, कुंभकोणम आणि शेवटी मदुराई. बरोबर यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. निघायला सहा आठवडे आहेत आणि तमिळनाडूवरची उत्तम दहा पुस्तकं हवी आहेत. नीलकंठ शास्त्रींचा चोळांचा इतिहास तुम्ही आणलात, साठाव्या पानावर अडकलात आणि आता दुसरं काहीतरी सोपं सुचवा म्हणताय.

मला मात्र तुमच्या प्रश्नातलं अगदी शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. गेल्या वर्षी हंपीहून परतल्यावर मुलीनं विचारलं, ‘आई, आपण तिथे नेमकं काय बघितलं?’ आणि तुम्हाला चार वाक्यांपुढे काही सांगता आलं नाही. खरी अडचण ही आहे. दहा पुस्तकांची यादी मी आत्ता देऊ शकते, पण त्यानं ही अडचण सुटायची नाही. वाचलेलं आणि पाहिलेलं यांची जागेवर गाठ पडली तरच सुटेल.

मी गेली सतरा वर्षं पुण्याहून बारा-पंधरा जणांचे गट कावेरीच्या खोऱ्यात घेऊन जाते. निघण्याआधी महिनाभर दर शनिवारी संध्याकाळी सगळे माझ्या घरी वाचायला जमतात. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना चोळ राजांची वंशावळ झेरॉक्स करून दिली होती. पाठांतर उत्तम झालं. पण तंजावरच्या देवळात उभं राहिल्यावर ‘हा पहिला राजराज की दुसरा?’ यावर अर्धा तास वाद झाला आणि तेवढा वेळ समोरच्या भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही. तेव्हापासून पुस्तक निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे मला कुठे उभं राहून आठवणार आहे? जागा सांगता आली तर पुस्तक पिशवीत. नाही सांगता आली तर ते कितीही थोर असो, परत आल्यावर वाचू.

पुढचं बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे. इंग्रजी किती सहज वाचता, हे पहिलं. कारण तमिळमधलं पुष्कळसं आपल्यापर्यंत इंग्रजीतूनच येतं. रोज किती वेळ मिळतो, हे दुसरं. आणि देवळात तुम्ही हात जोडायला जाता की शिल्पं बघायला, हे तिसरं. तुमच्या घरात बहुधा दोन्ही प्रकारची माणसं असतील. मी असं धरून चालते की रोज अर्धा तास मिळेल, इंग्रजी जमतं पण सावकाश, आणि सासूबाईंना वाचून दाखवावं लागेल.

आधी प्रदेश लहान करून घ्या. ‘तमिळनाडू’ हे वाचनासाठी फार मोठं नाव आहे. तुम्ही जाताय ते मुख्यतः चोळनाडूत, म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, आणि शेवटचे तीन दिवस पांड्यांच्या मदुराईत. हा फरक पुस्तकाच्या दुकानात फार उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. मला ती फार आवडते. पण ती आहे तिरुच्चेंगोडूची, म्हणजे पश्चिमेकडच्या कोंगुनाडूतली. तिथली जमीन कोरडवाहू, माणसांचं बोलणं वेगळं, देव डोंगरावर. तंजावरच्या भातखाचरांत ती तुम्हाला कुठेच भेटणार नाही. संघकाळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवींनी तर भूमीचे पाच प्रकार करून प्रत्येकाला प्रेमाची एकेक अवस्था नेमून दिली होती. डोंगराळ कुरिंजीत मीलन, पाणथळ शेतीच्या मरुदममध्ये रुसवा. तुम्ही जाताय ते हे मरुदम. ए. के. रामानुजन यांनी केलेले या कवितांचे इंग्रजी अनुवाद ‘द इंटीरियर लँडस्केप’ या लहानशा पुस्तकात आहेत (१९६७). त्यातल्या मरुदमच्या पाच-सहाच कविता वाचा. बसच्या खिडकीतून खाचरं, पाणी आणि बगळे दिसायला लागले की त्या आपोआप आठवतात.

आता दारासुरमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी पद्धत मला तिथे सापडली.

कुंभकोणमजवळच्या दारासुरमला ऐरावतेश्वराचं देऊळ आहे, दुसऱ्या राजराजाच्या काळातलं, बाराव्या शतकाचं. गाईड तुम्हाला बैल आणि हत्ती एकाच डोक्यात दाखवणारं शिल्प दाखवेल, वाजणाऱ्या पायऱ्या सांगेल आणि पुढे नेईल. पण मुख्य देवळाच्या जोत्यावर, अगदी गुडघ्याच्या उंचीला, लहान लहान शिल्पपट्टांची एक रांग आहे. खाली वाकल्याशिवाय ती दिसतच नाही. ते आहेत त्रेसष्ट नायन्मार, म्हणजे तमिळ शिवभक्त. काही पट्टांवर जुन्या लिपीत नावंही कोरलेली आहेत. या भक्तांच्या कथा सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’मध्ये सांगितल्या, त्याही त्याच शतकात. म्हणजे ग्रंथ ताजा होता आणि शिल्पकार त्यातली चित्रं दगडात काढत होते. ज्या घरात महिपतींचा ‘भक्तविजय’ वाचला गेलाय, त्या घराला हा ग्रंथ परका वाटणार नाही.

एका वर्षी आमच्या गटात एक शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. शनिवारच्या वाचनात त्यांच्या वाट्याला कण्णप्पाची गोष्ट आली होती. कण्णप्प हा शिकारी. देवाला मांसाचा नैवेद्य दाखवणारा, पाणी तोंडात धरून आणून पिंडीवर घालणारा. एक दिवस पिंडीच्या डोळ्यातून रक्त यायला लागतं. तो बाणानं स्वतःचा एक डोळा काढून तिथे बसवतो. रक्त थांबतं, पण दुसऱ्या डोळ्यातून सुरू होतं. आता आपला उरलेला डोळाही काढला तर आंधळेपणी ती जागा सापडणार कशी? म्हणून तो खूण म्हणून पिंडीच्या डोळ्यावर स्वतःचा पाय ठेवतो आणि बाण उचलतो. तेव्हा देव त्याचा हात धरतो. दारासुरमला बाई एकेक पट्ट बघत पुढे सरकत होत्या. एका ठिकाणी थांबल्या, जमिनीवरच मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, पाय बघा, पाय.’ तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. मग आम्ही सगळेच खाली बसलो. पुढचा एक तास लोक गोष्टी आठवून आठवून पट्ट शोधत होते.

हे कुठल्याही मार्गदर्शिकेनं साधत नाही. म्हणून माझी पहिली शिफारस ‘पेरियपुराणम्’. अख्खा ग्रंथ नको. जी. वन्मीकनाथन यांनी इंग्रजीत केलेलं त्याचं संक्षिप्त रूप चेन्नईच्या रामकृष्ण मठानं काढलं आहे, ते मिळवा आणि त्यातले पाच भक्त निवडा: कण्णप्प, चंडेश, नंदनार, कारैक्काल अम्मैयार आणि अप्पर. रात्री जेवणानंतर एकेक गोष्ट मोठ्यानं वाचा. सासूबाई आणि मुलगी दोघींनाही एकाच वेळी धरून ठेवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. चंडेशाची गोष्ट वगळू नका. गंगैकोंडचोळपुरमला उत्तरेकडच्या दाराजवळ शंकर एका नतमस्तक भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय असं मोठं शिल्प आहे. माळ गुंडाळणाऱ्या हातांची ती काळजी बघून माणूस गप्प होतो. पण त्या भक्तानं बापाचे पाय तोडले होते, हे माहीत असेल तर ती माळ वेगळीच दिसायला लागते.

इतिहासाचं पुस्तक बाजूला टाकू नका, फक्त वाचायची रीत बदला. शास्त्रींचा ‘द चोलाज’ पहिल्यांदा १९३५ आणि १९३७ साली दोन भागांत आला. तो संशोधकांसाठी लिहिलेला आहे. सुरुवातीपासून सलग वाचायला घेतला की लढाया आणि मांडलिकांच्या नावांत माणूस बुडतो. मागची सूची उघडा. तंजावर, राजराज, राजेंद्र, ग्रामसभा, देवळं, एवढेच शब्द शोधा आणि तेवढीच पानं वाचा. तीन संध्याकाळी पुरतात. राजराजाचा काळ ९८५ ते १०१४, देऊळ पुरं झालं १०१० साली, आणि मुलगा राजेंद्र यानं राजधानी गंगैकोंडचोळपुरमला नेली. इतकं डोक्यात पक्कं असलं की बाकीचं त्याला येऊन चिकटतं. हे पुस्तक जुनं आहे. चोळांचं राज्य किती केंद्रित होतं, देवळं आणि गावसभा यांची सत्ता किती होती, यावर नंतरच्या अभ्यासकांनी बरंच वेगळं म्हटलंय. पण प्रवाशाला लागणारा सांगाडा अजून भक्कम आहे.

त्याहून मला आवडतं ते मूळ शिलालेखच वाचणं. घाबरू नका. तंजावरच्या देवळातले लेख हुल्ट्श या अभ्यासकानं ‘साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स’च्या दुसऱ्या खंडात इंग्रजी अनुवादासह छापले आहेत, आणि तो खंड आता कुणालाही सहज वाचायला मिळतो. त्यातला एक लेख आम्ही दर वर्षी वाचतो. राजराजानं देवळाच्या सेवेसाठी सुमारे चारशे नर्तकी आणून वसवल्या. लेखात प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली ते आहे, आणि तिचं घर कुठल्या गल्लीत, कुठल्या ओळीत, कितवं, तेही आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (कलम हे तिथलं धान्याचं माप) भाताचा एक वाटा. पानांमागून पानं नुसती नावं. पहिल्या पानाला कंटाळा येतो, तिसऱ्या पानाला काहीतरी वेगळं वाटायला लागतं. हजार वर्षांपूर्वीची एक बाई, दक्षिणेकडच्या गल्लीतली, घर अमुक. देवळाच्या भिंतीवर ती अक्षरं हाताला लागतील इतक्या जवळ असतात. हात लावू नका, पण जवळ जा.

एक परीक्षा सांगते. तंजावरवरचं कुठलंही पुस्तक किंवा पुस्तिका हाती आली की त्यात ‘या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही’ असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर खाली ठेवा. सावली पडते, संध्याकाळी अंगणात उभं राहिलात तर तुमच्या मुलीलाही दिसेल. ज्यानं हे डोळ्यांनी ताडून पाहिलं नाही, त्यानं बाकीचंही पाहिलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे. प्रत्येक प्रदेशाबद्दल अशी एखादी गोष्ट असते, ती आधी शोधून ठेवावी.

कादंबऱ्यांकडे वळते. ‘पोन्नियिन सेल्वन’ तुम्ही ऐकलं असेलच. त्यावरचे दोन चित्रपट २०२२ आणि २०२३ मध्ये आले. कल्कि कृष्णमूर्तींनी ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात साप्ताहिकातून लिहिली, पाच खंड झाले. पोन्नी म्हणजे कावेरी, तिचा लाडका मुलगा म्हणजे पुढचा राजराज. वाचायला घेतलीत तर झोप उडेल. तरी मी तुम्हाला ती निघण्याआधी वाचू नका असं सांगते, आणि कारण नीट ऐका. या कादंबरीत तंजावरचं मोठं देऊळ नाहीच. गोष्ट राजराज गादीवर बसण्याआधीच्या काळातली आहे. आणि तिच्यातला चोळांचा राजवाडाही आज उभा नाही. तंजावरला जो वाडा दिसतो तो नायक आणि मराठे राजांचा. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातला एक तरुण पाचही खंड वाचून आला होता आणि चार दिवस तो नसलेल्या जागा शोधत राहिला. तुमच्याकडे वेळ कमी आहे. पहिल्या खंडाची सुरुवातीची पन्नास पानं मात्र वाचा. आडी महिन्यातला अठरावा दिवस, नद्यांना आलेलं नवं पाणी, वीरनारायण तळ्याच्या बांधावरून घोड्यावर चाललेला कथानायक वंदियदेवन. हे तळं आजही वीराणम म्हणून आहे, गंगैकोंडचोळपुरमहून फार लांब नाही.

तिच्याऐवजी तुमच्यासाठी माझी निवड तिरुवैयारू-कुंभकोणमकडच्या माणसांच्या गोष्टींची. ति. जानकीरामन यांची ‘मोहमुळ’ ही कादंबरी कुंभकोणम-तंजावरच्या गल्ल्यांत घडते. गाणं शिकणारा बाबू, त्याचे गुरू रंगण्णा, आणि बाबूहून वयानं मोठी यमुना. ही यमुना तंजावरच्या मराठी आईची मुलगी आहे. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हीकडच्या लोकांत तिचं लग्न काही जमत नाही. आपल्याला ‘तंजावरचे मराठे’ म्हटलं की फक्त राजे आठवतात. त्या राजांबरोबर गेलेल्या साध्या घरांचं पुढे काय झालं, हे या कादंबरीतून जसं कळतं तसं इतिहासातून कळत नाही. अनुवाद हाती लागला तर घ्याच. नाही लागला तर १९९५ साली तिच्यावर निघालेला चित्रपट बघा.

इथे आपल्या माणसांबद्दल थोडं बोलायलाच हवं. मराठी प्रवासी तंजावरला गेला की त्याला आपलं काय आहे ते बघायचं असतं. तसं वाटणं मला अगदी बरोबर वाटतं. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे होतं. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. सांगलीत ‘सीता स्वयंवर’ होण्याच्या कितीतरी आधी तिथल्या शहाजीराजांनी मराठी नाटकं लिहिली होती. मोठ्या देवळाच्या प्राकारात नैर्ऋत्येकडे भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेलं भोसले वंशाचं चरित्र आहे, मराठीत, देवनागरी अक्षरांत. चहूकडे तमिळ शिलालेख असताना अचानक आपली अक्षरं वाचता येतात तेव्हा मी अजूनही थांबते. पण तेवढंच बघून परतू नका. सरफोजीराजांनी स्वतः संस्कृत, तमिळ, तेलुगू, इंग्रजी पुस्तकं जमवली. त्यांच्या दरबारात चार नट्टुवनार (नृत्यगुरू) भावांनी आज आपण भरतनाट्यम् म्हणून बघतो त्या नाचाची मांडणी बसवली. तो राजा तिथलाच होऊन गेला होता.

हे धागे एकत्र बघायचे असतील तर व्ही. श्रीराम यांचं ‘द देवदासी अँड द सेंट’ वाचा. देवदासी घराण्यातल्या गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांचं हे चरित्र. प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाच्या कवयित्रीनं तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे शृंगारकाव्य लिहिलं. दीडशे वर्षांनी नागरत्नम्मांनी ते शोधून १९१० साली छापलं. सरकारनं अश्लील म्हणून बंदी घातली, ती उठली १९४७ मध्ये. आणि याच नागरत्नम्मांनी आपली जन्माची पुंजी घालून तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीचं देऊळ बांधलं. तुम्ही तंजावरहून तासाभरात तिरुवैयारूला जाल, कावेरीकाठी ती समाधी बघाल. समोरच हात जोडून बसलेली नागरत्नम्मांची मूर्ती आहे. बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात. हे पुस्तक वाचलेला माणूस तसं करणार नाही.

आता थोडं अवघड. कुठल्याही सुंदर प्रदेशात जाताना मी त्या प्रदेशाच्या जखमेवरचं एक तरी पुस्तक वाचायला सांगते, आणि गटातले काही जण दर वेळी नाराज होतात. ‘सुट्टीला चाललोय, कशाला?’ पण या भातखाचरांकडे नुसतं हिरवं म्हणून बघणं मला जमत नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात कीळवेण्मणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आसरा घेतलेली चव्वेचाळीस माणसं जाळली गेली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. तुम्ही तिथे असाल तेव्हा हा दिवस येतोय. रस्त्यात लाल झेंडे दिसतील, ते कशाचे हे तुम्हाला माहीत असावं. मीना कंदसामी यांची ‘द जिप्सी गॉडेस’ (२०१४) ही इंग्रजी कादंबरी यावर आहे. वाचायला सोपी नाही, मुलीला तर नकोच. ती जड वाटली तर आंद्रे बेतेय यांचं ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ (१९६५) घ्या. तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात राहून त्यांनी ते लिहिलं. गावाला ‘श्रीपुरम’ असं बदललेलं नाव दिलंय. अग्रहार कुठे, ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या कुठे, चेरी म्हणजे दलितांची वस्ती कुठे, कोण कुठल्या रस्त्यानं जातं, हे सांगणारं सुरुवातीचं प्रकरण वाचा. नंतर कुठल्याही खेड्यातून गाडी गेली की घरांच्या रांगा तुमच्याशी बोलायला लागतात.

मदुराईसाठी एकच: ‘शिलप्पधिकारम्’. इळंगो अडिगळ यांचं हे काव्य स्वतःच एक प्रवास आहे. कण्णगी आणि कोवलन कावेरीच्या मुखाशी असलेल्या पुहारहून निघतात आणि चालत मदुराईला येतात. म्हणजे जवळपास तुमचीच दिशा. एका पैंजणावरून नवऱ्यावर चोरीचा आळ येतो, राजा चौकशी न करता त्याला मारतो, आणि कण्णगी दुसरं पैंजण राजसभेत फोडून दाखवते. राणीच्या पैंजणात मोती होते, हिच्यात माणकं. बारा वर्षांच्या मुलीला न्यायाची ही गोष्ट लगेच पोचते. आर. पार्थसारथींचा इंग्रजी अनुवाद आहे. तुम्ही वाचा आणि तिला मराठीत सांगा. फक्त आधीच सांगून ठेवा की आजचं मीनाक्षीचं देऊळ बहुतांशी नायकांच्या काळातलं, कण्णगीच्या नंतर कित्येक शतकांचं.

हे काव्य आज आपल्याला वाचता येतं ते उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांच्यामुळे. १८८० साली ते कुंभकोणमच्या कॉलेजात तमिळ शिकवायला लागले. त्याच वर्षी तिथे बदलून आलेले मुन्सिफ रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना विचारलं, काय काय वाचलंय? अय्यरांनी मोठी यादी सांगितली. मुदलियारांवर काही परिणाम झाला नाही. या सगळ्याच्या आधीचे ग्रंथ वाचलेत का, असं त्यांनी विचारलं. अय्यरांनी ती नावंही धड ऐकली नव्हती. मग पुढचं आयुष्य त्यांनी घराघरांतून ताडपत्रं गोळा करण्यात घालवलं. ‘शिलप्पधिकारम्’ १८९२ साली छापलं. त्यांचं आत्मचरित्र मी तुमच्या यादीत घालत नाही, वेळ नाही म्हणून. कुंभकोणमला कावेरीपलीकडे ते कॉलेज दिसेल तेव्हा एवढी गोष्ट मुलीला सांगा.

रोज सकाळी उघडायला बरोबर न्यायचं पुस्तक एकच, आणि अगदी लहान. डिसेंबरच्या मध्याला मार्गळी हा तमिळ महिना सुरू होतो. पहाटे देवळांतून आणि घरांतून संतकवयित्री आंडाळची ‘तिरुप्पावै’ ऐकू येते. तीस कडवी, महिन्याच्या दर दिवसाला एक. मैत्रिणींना उठवत उठवत कृष्णाकडे निघालेल्या मुली. आपल्या भूपाळ्यांची आणि काकड्याची सवय असलेल्या सासूबाईंना ही पहाट परकी वाटणार नाही. रोज सकाळी चहाबरोबर त्या दिवसाचं कडवं वाचा, मग दारापुढच्या रांगोळ्या बघायला बाहेर पडा; मार्गळीत ते कोलम सगळ्यांत मोठे काढतात. शिवाच्या देवळांत याच महिन्यात शिवभक्त कवी माणिक्कवाचकरांची ‘तिरुवेंपावै’ म्हणतात, तेव्हा दोन्ही ऐकाल. मुलीसाठी साने गुरुजींनी मराठीत आणलेला ‘कुरल’ हा तिरुवल्लुवरांचा नीतिग्रंथही ठेवता येईल. गुरुजी १९३० साली सत्याग्रहात पकडले गेले आणि तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळ कैद्यांच्या सहवासात त्यांना तो भेटला. तुमचा पहिला मुक्काम त्याच गावी आहे.

वाचायला वेळ कधी, तर दुपारी. तिथली बहुतेक देवळं बाराच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात. नवखे लोक या वेळात गाडीतून पुढचं गाव गाठायची घाई करतात. तुम्ही जेवून खोलीवर या, सासूबाईंना विश्रांती मिळेल, आणि संध्याकाळी जे बघायचं त्याची चार-पाच पानं दुपारी पुन्हा वाचा. दारासुरमच्या दिवशी कण्णप्प, तिरुवैयारूच्या दिवशी नागरत्नम्मा.

सहा आठवड्यांचा हिशेब मी असा केला असता. पहिले दोन आठवडे रात्री ‘पेरियपुराणम्’मधल्या गोष्टी घरात मोठ्यानं, आणि तुमच्यापुरती शास्त्रींची निवडक पानं. तिसऱ्यात शिलालेख आणि बेतेय यांचं ते प्रकरण. चौथा-पाचवा नागरत्नम्मा किंवा ‘मोहमुळ’, दोन्हींपैकी जे सापडेल ते. सहाव्यात कण्णगी, म्हणजे ती मदुराईपर्यंत ताजी राहील. मरुदमच्या कविता मधेच कधीतरी. यजमान फारसं वाचत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना नकाशा द्या. मेट्टूरपासून कल्लणैपर्यंत आणि तिथून समुद्रापर्यंत कावेरीचे फाटे पेन्सिलीनं काढून ठेवा म्हणावं. कल्लणै म्हणजे करिकाल या चोळ राजाच्या नावानं ओळखला जाणारा बंधारा. तो तिरुचिरापल्लीहून तंजावरला जाताना थोडी वाट वाकडी केली की बघता येतो, आणि नदी तिथे कशी वाटली जाते हे घरात त्यांनाच सगळ्यांत चांगलं सांगता येईल.

आणि कल्किंचे पाच खंड मागवायचे असतील तर आत्ताच मागवा, पण घरी ठेवून जा. जानेवारीत उघडा. तोवर वीराणमचा बांध तुम्ही पाहिलेला असेल.